बी मेक्सिकोचे, पोळी आपली

जपानच्या नोरिन-१० या बुटक्या गव्हाचे बी १९४६ मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथून मेक्सिकोत. नॉर्मन बोरलॉग यांनी त्याच्या संकरातून अशा ठेंगण्या जाती तयार केल्या, की भरपूर खत देऊनही ओंब्यांच्या भाराने पीक लोळत नसे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणे आणले. पीक जोमदार आले, पण दाणा पडला लाल! पोळीसाठी तो कुणाला आवडेना, बाजारात भाव मिळेना. आपल्या शास्त्रज्ञांनी मग मेक्सिकोच्याच वाणांतून पिवळसर दाण्यांचे ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ निवडून काढले. ते मात्र घरोघरी पोहोचले. परक्या देशाचे तंत्र नुसते शेतात रुजून भागत नाही. ते आपल्या तव्यावरही उतरावे लागते.