बंद पडलेल्या वेबसाइटला एवढा भाव का येतो?

मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या वेबसाइटचं डोमेन रिन्यू झालं नाही की ते पुन्हा विक्रीला येतं. नवंकोरं डोमेन हजार रुपयांच्या आसपास मिळत असताना काही जण या जुन्या नावांसाठी कितीतरी पट पैसे मोजतात. का? कारण नावासोबत त्यांना बॅकलिंक्स मिळतात.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटने तुमच्या पानाकडे दिलेली लिंक. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना, १९९८ च्या सुमारास पेजरँक मांडलं ते याच लिंक्सच्या जोरावर. संशोधन निबंधाचा दाखला जितके लोक देतात तितका तो महत्त्वाचा मानला जातो, तोच हिशेब त्यांनी वेबला लावला. पण सगळी मतं सारखी नसतात बरं का. ज्या पानाला स्वतःलाच भरपूर वजनदार लिंक्स आहेत, त्याच्या मताला किंमत जास्त. आणि ते पान जितक्यांना लिंक देतं, तितक्यांत हे वजन वाटलं जातं. गावात जो उठसूट कुणाचीही शिफारस करतो, त्याचा शब्द कोण धरतो?

आता खरी गंमत बघा. लिंक दिलेली असते पत्त्याला, माणसाला नाही. घरमालक बदलला तरी जुन्या पत्त्यावर पत्रं येत राहतात ना, तसंच.

अमेरिकेत 'द हेअरपिन' नावाची स्त्रियांनी चालवलेली एक लोकप्रिय साइट होती. २०१० मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये बंद पडली. पुढे डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलं. जानेवारी २०२४ मध्ये 'वायर्ड' मासिकाने दाखवून दिलं, की त्या पत्त्यावर आता एआयने लिहिलेल्या लेखांचा ढीग आहे. काही गाजलेले जुने लेख तसेच ठेवले होते, पण लेखिकांची नावं काढून तिथे पुरुषांची नावं टाकली होती! ते लेख का ठेवले असावेत? माझ्या मते सरळ आहे: बाहेरच्या लिंक्स त्याच लेखांकडे येत होत्या. लेख उडवला की लिंक मेली. लेखिकांच्या अनेक वर्षांच्या मेहनतीवर कुणी तरी तिसराच जाहिराती विकत होता.

मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅम नियमांत अशा डोमेनचा गैरवापर स्पष्टपणे घातला. त्यांनी दिलेलं एक उदाहरण वाचून मला हसू आलं आणि धडकीही भरली: जुन्या प्राथमिक शाळेच्या साइटवर कॅसिनोचा मजकूर. म्हणजे प्रकार इतका वाढला होता तर!

डोमेन विकत घेणं जमलं नाही तर? मग चालू साइटमध्येच घुसायचं. मे २०२४ मध्येच बातमी आली होती, की आपल्याकडच्या जीओव्ही डॉट इन पत्त्यांवरच्या अनेक लिंक्स थेट ऑनलाइन सट्ट्याच्या साइट्सकडे नेत होत्या. सरकारी साइटच का? वर्तमानपत्रं, कॉलेजं, बँका, सगळेच तिला लिंक देतात आणि ती मात्र मोजक्याच ठिकाणी लिंक देते. वजन साठलेलं, पहारा ढिला. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. जाहिरातीचा पुढचा दरवाजा बंद झाल्यावर सर्चच्या मागच्या दाराची किंमत वाढणारच, असं मला वाटतं.

"पण आता लिंक्सना कोण विचारतं?" असंही तुम्ही ऐकलं असेल. २०२३ मध्ये गूगलच्या गॅरी इलीस यांनी लिंक्स आता पहिल्या तीन घटकांत नाहीत असं सांगितलं होतं. मान्य. पण पहिल्या तिनांत नसणं म्हणजे शून्य नव्हे. लिंक्सना काही किंमतच नसती तर जुनी डोमेन्स कुणी उचलली नसती.

तुमचा स्वतःचा ब्लॉग असेल तर "५०० रुपयांत हजार बॅकलिंक्स" असले मेसेज येतच असतील. घेऊ नका. २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून गूगल अशा लिंक्सवर नजर ठेवून आहे. २०१६ पासून त्या बहुतेक वेळा नुसत्या मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात. आणि गूगलच्या माणसाने हाताने कारवाई केली तर साइट सर्चमधूनच गायब होऊ शकते.

आणि वाचक म्हणून? एखादी साइट वर दिसतेय पण नाव एक आणि मजकूर भलताच, असं वाटलं तर वेबॅक मशीन उघडा, तिथे तो पत्ता टाका आणि पाच-सहा वर्षांपूर्वीची तारीख निवडा. मोबाइलवरही चालतं, फुकट आहे. पूर्वी तिथे एखादी शाळा किंवा धर्मादाय संस्था असेल आणि आज रमीचं ॲप, तर ते डाउनलोड बटण दाबू नका.