तळपायातील गाठ आणि शस्त्रक्रियेची घाई

डोंबिवलीहून एका भगिनींनी लिहिले आहे : डाव्या तळपायाच्या कमानीत वाटाण्याएवढी टणक गाठ आहे, मंदिरातील संगमरवरी फरशीवर अनवाणी उभे राहिले की खडा रुतावा तशी कळ येते. शेजारणीने कर्करोगाची भीती घातली. शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला आहे. काय करावे?

ताई, वर्णनावरून ही 'प्लांटर फायब्रोमा' असावी. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाची कमान ताणून धरणारा एक चिवट पट्टा असतो. त्याच्याच तंतूंची अवाजवी वाढ होऊन ही गाठ बनते. जर्मन शल्यविशारद गेऑर्ग लेडरहोज यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. हा कर्करोग नव्हे. सकाळी पहिले पाऊल टेकताना टाचेत उठणारी कळ हे दुखणे निराळे. त्याच्याशी याची गल्लत फार होते. निदान सोनोग्राफीने, गरज भासल्यास एमआरआयने पक्के करून घ्यावे. गाठ झपाट्याने वाढत असेल किंवा विश्रांतीतही ठणकत असेल, तर मात्र थांबू नये.

शस्त्रक्रियेची घाई का नको? केवळ गाठ तेवढी काढली, तर निम्म्याहून अधिक रुग्णांत ती परत येते. भोवतालचा पट्टाही काढला तर हे प्रमाण घटते. पण नस दुखावण्याची आणि पाय टेकतो नेमका तिथेच दुखरा व्रण राहण्याची शक्यता उरते. म्हणून सुरी शेवटी.

पहिला उपाय अगदी साधा आहे : गाठीवरचा भार काढणे. मऊ इनसोलमध्ये गाठीच्या जागी खळगा करून घ्यावा. जागा नेमकी कळण्यासाठी गाठीवर ओले कुंकू लावून पाय इनसोलवर टेकवावा. ठसा उमटेल तिथे खळगा. एमसीआर रबराच्या चपला बनविणारा कारागीर हे काम सहज करतो. मधुमेह असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना दाखवूनच करावा. ठाण्या-मुंबईपर्यंत लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्यांना या एका बदलाने मोठा आराम पडू शकतो. मंदिरात पादत्राण चालत नाही. तेव्हा जाड आसनावर बसून पूजा करावी, त्यात संकोच कसला? पोटऱ्या आणि तळपाय ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

एवढ्याने भागले नाही तर गाठीत स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. गाठ मऊ पडते, वेदना उतरते. पण परिणाम कायमचा असेलच असे नाही, आणि वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याची, टाचेखालची चरबी झिजण्याची भीती असते. काही दिवस रक्तातील साखरही वाढते. मधुमेही व्यक्तीचा उपवास चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. शॉकवेव्ह उपचाराने वेदना कमी झाल्याचे लहान अभ्यास आहेत. वेरापामिलचे मलम पुष्कळ सुचविले जाते. त्याला आधार तोकडा आहे, आणि माझ्या मते त्यावर पैसे घालवू नयेत.

राहिला किरणोपचार. हा शब्द ऐकताच परळचे टाटा रुग्णालय डोळ्यांसमोर येते आणि धसका बसतो. इथे मात्रा कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारापेक्षा बरीच कमी असते. नेदरलँड्समध्ये 84 रुग्णांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना खरे किरण दिले, काहींना नुसता देखावा केला. कोणाला काय मिळाले हे रुग्णांस ठाऊक नव्हते. वर्षभराने खरे किरण घेतलेल्यांची वेदना अधिक उतरली होती. देखावा झालेल्यांनाही बराच उतार पडला होता, हेही खरे. त्वचा कोरडी होणे हा त्रास संभवतो. तरुणांना तो सहसा देत नाहीत, गर्भवतींना तर नाहीच.

सोनोग्राफीत निदान पक्के ठरले, तर तारीख पुढे ढकलण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. तीन महिने खळग्याची चपल वापरून पाहा आणि काय झाले ते आम्हाला अवश्य कळवा. तळहातातही अशी गाठ असेल, किंवा घरात कोणाची बोटे आत वळलेली असतील, तर तेही डॉक्टरांना सांगायला विसरू नका. हे विकार सख्खे भाऊ आहेत.