घरचे खरे कळवा

मुलगा ट्रेनिंगमध्ये असला किंवा सीमेवर असला की त्याला घरच्या अडचणी कळवू नयेत, असे आपल्याकडे बहुतेक घरांत मानतात. ‘उगाच त्याचं लक्ष उडेल’ हे कारण ठरलेले. मला हे पटत नाही. आणि फौजेलाही ते कधी पटले असावे असे वाटत नाही.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या. तिथे त्यांच्या हातात नव्या रायफली आल्या. त्या रायफलींचा सराव करायचा, परक्या मुलखाची ओळख करून घ्यायची आणि महिन्याभरात आघाडीवर उभे राहायचे, इतकाच वेळ होता. या जवानांची पत्रे सेन्सॉर वाचत असे आणि त्याच्या अहवालांमुळे त्यांतले पुष्कळ उतारे आजही शिल्लक आहेत. त्यांत तोफा आहेत, थंडी आहे. पण जमिनीचा वाद, कर्ज, गुरे, भावाबहिणीचे लग्न, पाठवलेले पैसे पोचले की नाही, हेही आहे. अनेकांना लिहिता येत नव्हते. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे आणि गावात दुसऱ्याने वाचून दाखवायचे, तरीही घरचा हिशेब सुटत नव्हता. (सेन्सॉरला कळू नये म्हणून हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणायची युक्ती काहींनी काढली होती. सेन्सॉरला ती कळली, ही गोष्ट वेगळी.)

आता सांकेतिक भाषा घरचे लोक वापरतात. ‘इकडे सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर’ ही ती भाषा. मागच्या सहामाहीत माझी आजी आठ दिवस दवाखान्यात होती. मला ते ती घरी आल्यावर कळले, आणि तेही धाकट्या बहिणीच्या तोंडून निसटले म्हणून. आईबाबांचा हेतू चांगलाच होता. पण तेव्हापासून मी प्रत्येक ‘ठीक आहे’ कान देऊन ऐकतो. आई आज लवकर का आटपतेय? बाबा फोनवर का आले नाहीत? रविवारच्या पाच मिनिटांच्या फोनवर मी सोमवारची सगळी पी.टी. विचार करत काढतो. लक्ष उडते ते असे. आजी आजारी आहे हे माहीत असते, तर निदान एकाच गोष्टीची काळजी केली असती.

फौजेने जवानाला घर विसरायला सांगितलेले नाही. उलट घर त्याच्यापर्यंत पोचावे म्हणून व्यवस्था उभारली आहे. जवानाला पत्र पाठवताना पाकिटावर त्याचे ठिकाण लिहायचे नसते. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ एवढेच. ते पत्र इथे दिल्लीत येते आणि पलटण जिथे असेल तिथे जाते. हे टपाल सांभाळणाऱ्यांचे केंद्र तर आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. पूर्वी घरी मनिऑर्डर जायची तेव्हा तिच्या कुपनावर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. बियाण्याला एवढे, वाण्याच्या उधारीला एवढे, एवढे मावायला ती जागा पुरत असे.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १९२५ चा सैनिक दावेविषयक कायदा सांगतो की जवान युद्धाच्या परिस्थितीत सेवेवर असेल आणि कोर्टात हजर राहू शकत नसेल, तर त्याच्याविरुद्धचा दावा त्याच्या पाठीमागे उरकून टाकता येत नाही. कामकाज थांबवण्याची तरतूद आहे. आघाडीवरच्या माणसाच्या बांधाची काळजी सरकारला शंभर वर्षांपूर्वी कायद्यात लिहावी लागली. पण बांध कोणी कोरतोय हे जवानाला कोणी कळवलेच नाही, तर त्या कायद्याचा काय उपयोग? आज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, युनिटकडून कलेक्टरला पत्र जाऊ शकते. त्यासाठीही आधी जवानाला माहीत हवे.

यावर आमचे एक उस्ताद म्हणाले, ‘रेंजवर हातात रायफल असलेल्या पोराचं डोकं गावात नको.’ हे मला मान्य आहे. फायरिंगच्या सकाळी किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री वाईट बातमी सांगू नये. ती दोन दिवस थांबवावी, किंवा आधी हाउसमास्टरांना सांगावी म्हणजे ते वेळ पाहून सांगतील. पण दोन दिवस थांबवणे वेगळे आणि सुट्टीत घरी आल्यावर गोठा रिकामा दिसणे वेगळे.

सांगण्याचीही एक रीत असते, आणि ती आपल्याला फौजेतूनच घेता येईल. रिपोर्ट देताना काय झाले, केव्हा झाले, आता काय स्थिती आहे आणि पुढे काय करणार, हे क्रमाने सांगतात. ‘आजीला ताप आहे, मंगळवारी दाखल केलं, आज जेवली, आत्या सोबत आहे.’ एवढे ऐकले की पंधरा वर्षांच्या मुलालाही झोप लागते. ‘काही नाही रे, जरा बरं नव्हतं’ याने लागत नाही.

आणि पालकहो, कधीतरी आमचे मतही विचारा. म्हैस विकायची की ठेवायची, बहिणीला कोणत्या शाळेत घालायचे, विहिरीवरची मोटर दुरुस्त करायची की नवी घ्यायची. पुढे आम्हाला तीस जणांच्या प्लाटूनचे निर्णय घ्यायला शिकवणार आहेत. घरच्या मोटरीबद्दल आम्ही बहुधा चुकीचेच सांगू. तरी विचारा, आणि किंमत किती सांगितली तेही सांगा.