‘होऊन जाईल’

मराठी भाषेत क्रियापदांची वाण नाही. करणे, घडविणे, सांधणे, जोडणे, निस्तरणे, तडीस नेणे अशी हाताला काम लावणारी कितीतरी क्रियापदे पूर्वजांनी आमच्या हवाली केली आहेत. असे असता अलीकडे आमच्या बाजारात, कारखान्यात, कचेरीत आणि (सांगावयास लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे) आमच्या महाविद्यालयांतही एकाच क्रियापदावर सगळा संसार चालला आहे. ते म्हणजे ‘होऊन जाईल’. भाषा शिकविण्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाच्या कानाला हे वाक्य खटकते. त्यात क्रिया आहे, काळ आहे, आशाही आहे. पण काम करणारा मनुष्य त्यात कोठेच नाही. ‘मी करीन’ म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. ‘होऊन जाईल’ म्हणणारा मोकळा राहतो. काम झाले तर ते त्याने केले. न झाले तर ते झाले नाही, इतकेच! या एका वाक्याविरुद्ध आम्हांस आज वाचकांच्या दरबारी फिर्याद गुदरावयाची आहे, आणि तिला निमित्त झाले आहे एका खिडकीचे.

आमच्या मातोश्रींचे वय ब्याऐंशी. त्यांचे माहेर गुहागरकडचे. मणक्याच्या दुखण्यामुळे तासाभराहून अधिक वेळ त्यांना बसवत नाही. तेव्हा पुण्याहून कोकणात जाणे गेली सहा वर्षे बंदच होते. माहेरच्या देवाला एकदा नमस्कार करून यावा, एवढीच त्यांची इच्छा. ती पुरविण्यासाठी आम्ही एक जुनी घरगाडी, म्हणजे हल्ली जिला मोटरहोम म्हणतात ती, विकत घेतली. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली ती गाडी. आत निजण्याचा रुंद बाक, हातभर ओटा, आणि बाकाला लागून बाहेरच्या बाजूस उघडणारी मोठी खिडकी. पडल्या पडल्या आईंना घाट दिसावा, म्हणून तीच गाडी आम्ही पसंत केली. शेजाऱ्यांनी तीस प्राध्यापकाची उतारवयातली चैन ठरविले. आम्हीही त्यांची समजूत घालण्याच्या भरीस पडलो नाही.

वळवाच्या पहिल्याच सरीत त्या खिडकीच्या खालच्या कडेने पाणी ठिबकू लागले. शहराच्या एका उपनगरात मोटरहोमच्या खिडक्या दुरुस्त करून देण्याची पाटी लावलेले एक दुकान असल्याचे कळले, म्हणून आम्ही गाडी तेथे नेली. मालक मोठे अगत्यशील. त्यांनी आम्हांस खुर्ची दिली, चहा दिला, गाडीचे कौतुकही केले. आम्ही त्यांना तीन प्रश्न विचारले. अशा जातीच्या खिडकीचे काम पूर्वी केले आहे काय? पाणी नेमके कोठून शिरते, ते कसे पाहणार? आणि गाडी परत केव्हा मिळणार? तिन्ही प्रश्नांस उत्तर एकच मिळाले: “होऊन जाईल, सर. टेन्शन घेऊ नका.” आम्ही टेन्शन घेतले नाही. तेवढे घेतले असते, तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती.

चार दिवसांचे काम एकोणीस दिवस चालले. गाडी हाती आली तेव्हा खिडकीच्या चौकटीभोवती बोटभर जाडीचा सिलिकोनचा पांढरा लेप होता, आणि खिडकी मात्र आरशासारखी चकचकीत पुसलेली होती. साडेअकरा हजार रुपये आम्ही रोख मोजले. पावती मागितली तेव्हा मालक हसून म्हणाले, “तुमच्यासारख्यांना पावती कशाला, सर? आपला शब्द आहे.” शब्दावर जगणाऱ्या आमच्यासारख्या माणसास हे वाक्य गोड वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे.

श्रावणात आम्ही निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर मागे पडले. आई खिडकीशी निजून हिरव्या डोंगरांकडे पाहत होत्या आणि एकेका वळणाची जुनी आठवण आमच्या पत्नीस सांगत होत्या. कुंभार्ली घाटात पावसाने गाडीला वेढले, आणि पंधरा मिनिटांच्या आत त्याच खिडकीच्या त्याच कडेने पाणी आले. ठिबकत नव्हे, तर धारेने. उशी भिजली, गादी भिजली, आईंचे लुगडे भिजले. घाटात थांबावयास जागा नव्हती. चिपळूणला पोहोचेपर्यंत त्यांना हुडहुडी भरली होती. ती रात्र आम्ही एका लॉजमध्ये काढली. सकाळी ताप उतरला; पण ओल्या गादीवर पुढे जाणे शक्य नव्हते. माहेर उण्यापुऱ्या दोन तासांवर राहिले असता गाडी पुण्याकडे वळली. आई म्हणाल्या, “राहू दे रे. पुढच्या वर्षी होऊन जाईल.” ब्याऐंशी वर्षांच्या मुखातून ते वाक्य ऐकले, तेव्हा त्याचा खरा अर्थ आम्हांस कळला.

त्यानंतर आम्ही दुकानात गेलो. गॅरंटी मालाची असते, कामाची नसते, असे मालकांनी समजाविले. तोपर्यंत खिडकीवर एक नवेच लक्षण उमटले होते: कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरांनी तिचा खालचा निम्मा भाग व्यापला होता. “ते आधीचेच असेल,” असा निकाल मिळाला. इतक्यात तेथे काम करणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा निरागसपणे म्हणाला, “नाही सर, सिलिकोन लागलं होतं ना, म्हणून मी थिनरने चांगली घासून दिली होती.” मालकांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही विसरणार नाही. खरे बोलल्याबद्दल त्या दुकानात कोणास शिक्षा झाली असेल, तर ती त्या एकट्या मुलाला.

येथे थोडे वस्तुस्थितीविषयी सांगणे अवश्य आहे. असल्या गाड्यांच्या खिडक्यांस आपण काच म्हणतो. पण त्या बहुधा काचेच्या नसतात. अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ तक्ते मध्ये हवा कोंडून जोडलेले असतात. त्यामुळे वजन हलके राहते आणि उन्हाचा ताप कमी होतो. हा पदार्थ साबणाच्या पाण्याने धुवावा आणि मऊ फडक्याने टिपावा. थिनर किंवा स्पिरिट लागले, की जेथे जेथे त्याच्या अंगात ताण असेल तेथे तेथे तो चिरत जातो, आणि त्या चिरा मग कशानेही बुजत नाहीत. ही काही गूढ विद्या नव्हे. असल्या खिडकीला हात लावणाऱ्या कारागिराचा तो पहिला धडा आहे. तो त्या मुलास कोणी दिला नव्हता, आणि ज्याने द्यावयाचा त्यालाही तो येत होता किंवा नाही, याची आम्हांस शंका आहे.

पुढे एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आम्ही बसगाड्यांची अंगे बांधणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. खिडकी पाहताच ते म्हणाले, “ही चिरलेली खिडकी माझ्याच्याने होणार नाही. ती नवीनच बसवावी लागेल, आणि ते काम मला येत नाही. पण पाणी कोठून येते, ते शोधून देतो.” वाचकहो, ‘मला येत नाही’ हे तीन शब्द किती महिन्यांनी आमच्या कानांवर पडले! त्यांनी एका माणसास आत बसविले आणि स्वतः बाहेर पाण्याची नळी घेतली. आधी खिडकीच्या खाली, मग चौकटीवर, मग तिच्या माथ्यावर, असे पायरीपायरीने ते पाणी वर नेत गेले. चौकटीवर दहा मिनिटे धार धरली तरी आत थेंब आला नाही. छताच्या कडेला, जेथे सावलीच्या कनातीची पट्टी स्क्रूंनी ठोकलेली होती, तेथे नळी नेताच आतला माणूस ओरडला. स्क्रूंच्या सैल झालेल्या भोकांतून पाणी भिंतीच्या पोकळीत उतरत होते, आणि वाटेत खिडकीची चौकट लागली म्हणून तेथे प्रकट होत होते. खिडकी बिचारी निरपराध होती! मिस्त्रींनी पट्टी उतरवून भोके साफ केली, खाली ब्यूटिलची चिकट फीत घातली आणि स्क्रू पुन्हा आवळले. दोन तासांचे काम, बाराशे रुपये, आणि न मागता पावती.

पाणी दिसते तेथेच ते शिरते, असे समजून लेप थापणे, हीच त्या पहिल्या दुकानाची सारी शास्त्रविद्या होती. आमचा आक्षेप ती अपुरी होती यावर नाही. अज्ञान हा गुन्हा नव्हे. अज्ञानावर ‘होऊन जाईल’चा लेप थापून त्याचे पैसे घेणे, हा गुन्हा आहे.

यावर काही आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा, की ज्या देशात लाखो छपरे गळतात, तेथे एका प्राध्यापकाच्या घरगाडीच्या खिडकीचे रडगाणे कशाला? पण ती छपरेही याच वाक्याने गळतात. रिक्षाचा ब्रेक, शाळेची भिंत, इस्पितळाची लिफ्ट यांच्या दुरुस्तीलाही हेच दोन शब्द पुरे पडतात; तेथे गादी भिजून भागत नाही, एवढाच फरक. दुसरा आक्षेप दयाळू मंडळींचा: कारागीर गरीब आहे, त्याला शिक्षण नाही, त्याच्यावर काय रागवावे? त्या मुलावर आमचा राग मुळीच नाही. पण या दयेत एक सूक्ष्म तुच्छता दडलेली असते. कारागिराकडून ज्ञानाची आणि सचोटीची अपेक्षाच न करणे, हा त्याचा सन्मान नव्हे. वृद्ध मिस्त्रीही श्रीमंत नव्हते. तिसरा आक्षेप कायदेपंडितांचा: ग्राहक न्यायालयात का गेला नाहीत? २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० सालच्या जुलैपासून अमलात आहे. सेवेतील उणिवेबद्दल भरपाई त्यात आहे, आणि पावती न देणे हीही अनुचित व्यापारी प्रथा त्यात गणली आहे. हे सर्व वाचून ठेवूनही आम्ही पावती हट्टाने घेतली नाही, ही चूक आमची. शिवाय कायदा साडेअकरा हजार परत देववील. श्रावणातली ती सकाळ देववू शकणार नाही.

सरकारचीही गोष्ट पाहा. २०२१ साली महाराष्ट्राने असल्या फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक संकेतस्थळ उघडले, युरोपीय संघाने २०२४ साली त्याच हक्काचा कायदा केला. सुटे भाग मिळावेत, माहिती मिळावी, हे सर्व इष्टच आहे. पण भाग मिळाला आणि तो बसविणारा हात अडाणी राहिला, तर त्या हक्काचे काय करावयाचे? दुरुस्तीचा हक्क ग्राहकास देताना दुरुस्तीचे ज्ञान कारागिरास कोण देणार?

आणि येथेच आम्हांस आमच्या वर्गाकडे बोट दाखविले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. त्यातूनच पुढे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. शिक्षकाने हात काळे करावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आम्ही मात्र त्यानंतरच्या पिढ्यांना पदवी म्हणजे हात स्वच्छ ठेवण्याचा परवाना, असेच शिकवीत आलो. हुशार मुलगा वर्गात बसावा आणि नापास झालेला गॅरेजात जावा, ही वाटणी आमचीच. मग गॅरेजात कोणी काही शिकविले नाही, म्हणून आम्ही कोणत्या तोंडाने ओरडावे? बरे, आमच्या स्वतःच्या घरात काय चालते? प्रबंध तपासून केव्हा मिळेल, असे विद्यार्थ्याने विचारले, तर आम्ही काय उत्तर देतो? त्या मालकांचेच. फक्त आमच्या हाती थिनर नसतो.

तेव्हा आमचे मागणे फार मोठे नाही. दुकानात गाडी देताना पावती मागा, आणि ती दिल्यावाचून पैसे देऊ नका. पाणी कोठून शिरते हे दाखविल्यावाचून लेप लावू देऊ नका. जो ‘मला येत नाही’ म्हणेल, त्याला नमस्कार करून त्याच्याकडेच पुढच्या वेळी जा. कारण जे येत नाही ते सांगणाराच जे येते ते नीट करतो. आणि ‘होऊन जाईल’ असे कोणी म्हणाला, की शांतपणे विचारा: कोण करील?

खिडकी नवी बसवावयाची आहे. दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर, गुहागरला जावयाचे ठरविले आहे. परवा आईंनी विचारले, तेव्हा ते दोन शब्द अगदी जिभेवर आले होते. आम्ही ते गिळले आणि तारीख सांगितली.