इमान एकतर्फी कसे राहील?

सूर्य मावळला की पुण्याच्या हिंजवडीत आणि नवी मुंबईच्या ऐरोलीत अनेकांचा कामाचा दिवस सुरू होतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे, ऋतुमानाप्रमाणे, संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. तेथील कचेरी पाच वाजता बंद होईपर्यंत येथे रात्रीचे अडीच-साडेतीन वाजतात. या वेळापत्रकाशी हजारो सुशिक्षित तरुण-तरुणींनी आपली झोप, आपले सणवार आणि आपला संसार जुळवून घेतला आहे. त्याच्या मोबदल्यात त्यांच्या पदरात काय पडते, हा प्रश्न आता विचारलाच पाहिजे.

या धंद्याने मध्यमवर्गाच्या घरात सुबत्ता आणली, हे आम्ही नाकारीत नाही. आपले काम परदेशी गेले अशी तक्रार अमेरिकेतील नोकरदार करतो, तीही केवळ द्वेषमूलक म्हणून झटकून टाकता येणार नाही. त्याच्या पोटाचा प्रश्न खराच असतो. परंतु काम येथे आले ते मुख्यतः येथील माणूस स्वस्त पडतो म्हणून. त्या स्वस्ताईत रात्रीची किंमत धरली आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाची गणना बहुधा कर्करोगकारक ठरणाऱ्या गोष्टींत केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९० सालीच रात्रकामाविषयीचा करार क्रमांक १७१ संमत करून मोफत वैद्यकीय तपासणी आणि योग्य मोबदला यांचा आग्रह धरला. भारताने त्या करारास मान्यता दिलेली नाही.

मालकवर्ग मात्र निष्ठेचा हिशेब चोख मागतो. प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करीत असल्याच्या कारणावरून विप्रोने ३०० जणांना कामावरून दूर केल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. प्रतिस्पर्ध्याची छुपी चाकरी समर्थनीय नाही, हे उघड आहे. परंतु जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांत प्रामुख्याने मधल्या व वरच्या पायरीवरची माणसे होती. कंपन्या निराळ्या, प्रसंगही निराळे. पण दोन्हींतून दिसणारी रीत एकच. धंद्याची गरज पालटली की कंपनीला माणूस नकोसा होतो. मग संधी पालटली म्हणून माणसाने कंपनी सोडली, तर त्याला बेइमान कोणत्या तोंडाने म्हणावे?

आठवड्याची सुटी गिरणीमालकांनी आपण होऊन दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती १८९० साली मागून मिळविली. संगणकापुढे बसणारा आजचा पदवीधर स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास संकोचतो आणि म्हणून एकटाच राहतो. हा संकोच मालकांच्या पथ्यावर पडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनुसार स्त्रियांना रात्रपाळीस लावण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी लागते. आमच्या मते संमतीचे हे तत्त्व पुरुषांनाही लागू व्हावे, आणि ती नाकारणाऱ्याची बढती अडू नये. रात्रीच्या कामाला वेगळा भत्ता, सलग रात्रपाळ्यांना मर्यादा, कंपनीच्या खर्चाने नियमित तपासणी, प्रकृती साथ देईनाशी झाल्यास दिवसाचे काम, आणि नोकरी संपविताना पुरेशी मुदत व भरपाई, या गोष्टी नेमणूकपत्रातच लिहिलेल्या असाव्यात. यांत अवाजवी असे काहीच नाही. रात्र विकत घेणाऱ्याने आधी तिचे पूर्ण मोल चुकवावे. इमानाची गोष्ट त्यानंतर काढावी.