चिकन बर्गर खाऊन वजन उतरते काय?

या सदरात आम्ही एरवी शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, बचतगटाचे हिशेब असे विषय घेतो. आज मात्र स्वतःचीच फजिती सांगणार आहोत.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी आमच्या पोटाभोवती टेप लावली. आकडा निघाला ९८ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही मर्यादा धरतात. रक्तातील साखरही सीमेवर येऊन उभी होती. याच साखरेपायी आमच्या वडिलांच्या पायाचे बोट कापावे लागले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते बोट आमच्या डोळ्यांसमोर होते.

वडापाव बंद करा, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हा आम्ही हुशारी केली. कचेरीतली तरुण मुले म्हणाली, "साहेब, चिकन बर्गर खा. चिकन म्हणजे प्रोटीन, त्यात चरबी नसते." दोन महिने आम्ही दुपारी तोच खाल्ला, आणि डाएट चालू आहे असे चारचौघांत सांगितलेही. वजन दीड किलोने वाढले!

आम्ही बी. कॉम. झालेलो. दुसऱ्यांचा जमाखर्च तपासण्यात उभी नोकरी गेली, पण आपल्या ताटाचा जमाखर्च कधी मांडला नव्हता. तो धाकट्या मुलीने मांडायला लावला.

मुलांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कोंबडीच्या छातीचे, कातडी काढलेले १०० ग्रॅम कच्चे मांस घेतले तर त्यात चरबी अवघी दोन-तीन ग्रॅम आणि उष्मांक, म्हणजे कॅलरी, सुमारे १२०. पण तीच कोंबडी कातडीसकट घेतली की चरबी १५ ग्रॅमच्या आसपास जाते आणि उष्मांक दोनशेच्या वर. एक ग्रॅम प्रथिनात ४ उष्मांक असतात, एक ग्रॅम चरबीत ९. खरी मेख खिम्यात आहे. कोंबडीचा तुकडा हातात असला तर कातडी दिसते, काढून टाकता येते. एकदा खिमा झाला की त्यात छाती किती, तंगडी किती आणि कातडी किती, हे कोण सांगणार?

अमेरिकेत गोमांसाच्या बर्गरऐवजी हलका म्हणून टर्की पक्ष्याचा बर्गर खातात. तिथे पाकिटावर प्रमाण छापलेले असते. ८५ टक्के मांस आणि १५ टक्के चरबी असा टर्कीचा खिमा मिळतो, आणि त्याच प्रमाणाचा गोमांसाचा खिमाही मिळतो. दोन्हींत चरबी सारखीच; पक्षी म्हटल्याने ती कमी होत नाही.

शिवाय आम्ही खात होतो ती टिक्की ब्रेडचा चुरा लावून तेलात तळलेली. वर मेयोनिज. अंड्याच्या मेयोनिजच्या एका मोठ्या चमच्यात दहा ग्रॅम तेल असते, म्हणजे ९० उष्मांक. मैद्याचा पाव वेगळा, चीजची चकती वेगळी. सोबत २५० मिलिलिटर कोल्ड्रिंक घेतले तर पाच-सहा चमचे साखर पोटात गेली. २०२० च्या नियमांप्रमाणे दहा किंवा अधिक शाखा असलेल्या दुकानांना पदार्थापुढे उष्मांक लिहावे लागतात. जुलै २०२२ पासून हे बंधन लागू झाले. आम्ही रोज त्या फलकाखालीच रांगेत उभे होतो. मुलीसोबत वाचला तेव्हा कळले, आमच्या बर्गरचा आकडा पाचशेच्या वर. सोडलेला वडापाव तीनशेच्या आसपासचा! हातगाडीवरच्या बर्गरला तर फलकच नसतो.

डाएट हा बंगल्यातल्या लोकांचा शब्द, असे आपल्या वस्तीत अजून समजतात. आमची आई मटणाला पाठवताना "चरबीचं आण रे" म्हणून बजावायची. तिचे चुकत नव्हते. ती दिवसभर पाट्या वाहायची. आम्ही खुर्चीत बसतो. कोणी रिक्षात बसतो, कोणी वॉचमनच्या स्टुलावर. जीभ मात्र आईचीच राहिली आहे.

आता आमच्या सहचारिणी टिक्की घरीच करतात. दुकानदाराकडून कातडी काढलेली छाती अर्धा किलो घेऊन समोरच खिमा करून घेतो. नुसत्या छातीची टिक्की कोरडी होते, म्हणून त्यात बारीक चिरलेला कांदा आणि किसून पिळलेला दुधी घालतात. आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि बांधायला दोन चमचे बेसन. तव्यावर चमचाभर तेलात झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शिजवायची. आत गुलाबी राहता कामा नये; खिम्यात जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, वरून भाजून भागत नाही. मेयोनिजच्या जागी दह्यातली पुदिन्याची चटणी, भरपूर काकडी आणि पावाऐवजी ज्वारीची भाकरी. भाकरीतही उष्मांक असतात, म्हणून एकच.

टेप सध्या ९५ वर आली आहे. साखरेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. आमचे चिरंजीव मात्र घरची टिक्की खायला बसताना खिशातून मेयोनिजची पुडी काढतात.