धर्मसंकट की कोडे?

नीतिशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांपुढे धर्मसंकटे मांडावीत की नाहीत, याविषयी दोन मते मोठ्या हिरिरीने प्रतिपादिली जातात. एक पक्ष म्हणतो, कोवळ्या मनांपुढे असले पेच टाकणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या मुळावर कुऱ्हाड घालणे होय. खरे बोलावे, चोरी करू नये, एवढे शिकविले म्हणजे पुरे. दुसरा पक्ष म्हणतो, पेच खुशाल घाला, परंतु तो सोडविण्याची रीत आधी घोकून घ्या, कारण परीक्षेत तोच यावयाचा आहे. हे पक्ष परस्परांचे वैरी दिसतात खरे. पण आमच्या मते ते सख्खे भाऊ आहेत. विद्यार्थ्याने स्वतः विचार करू नये, याविषयी दोघांचेही एकमत आहे.

पहिल्या पक्षास उत्तर देण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कर्णपर्वातील कौशिकाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. दस्यूंच्या भयाने काही लोक वनात दडले. ते कोठे गेले असे दस्यूंनी विचारताच सत्यव्रती कौशिकाने खरे ते सांगून टाकले. लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. उलट, दाराशी आलेल्या मारेकऱ्यासही खोटे सांगू नये, असा निर्णय जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली दिला. व्यासांनी ज्यास नरकात धाडले, त्यास कांटने निर्दोष सोडले! जेथे असे थोर पुरुष भिन्न निर्णय देतात, तेथे ‘खरे बोलावे’ एवढी शिदोरी मुलास कुठवर पुरणार? १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्यांनी ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण आरंभीच घातले आणि तेथे हॅम्लेटचाही पेच चर्चेस घेतला, तो काही वाचकांची श्रद्धा उडविण्यासाठी नव्हे.

दुसरा पक्ष अधिक घातक आहे, कारण तो विचाराचे सोंग आणतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ साली मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू केली. हेतू स्तुत्यच होता. परंतु हेतूच्या मागोमाग शिकवणीवर्ग आले आणि त्यांनी धर्मसंकटाचेही त्रैराशिक करून टाकले: संबंधित व्यक्तींची यादी, पर्यायांचे रकाने, प्रत्येकाचे गुणदोष आणि शेवटी सर्वांस मानवणारा मधला मार्ग.

इंग्लंडातील विदुषी फिलिपा फूट यांनी १९६७ साली मांडलेला ट्रामचा पेच आता सर्वत्र शिकविला जातो. आवरेनाशी झालेली ट्राम सरळ गेली तर पाच मजूर मरतात, वळविली तर एक. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने यावर लिहिले की, मी ती वळवीन. परंतु त्या एकाच्या घरी जाऊन मी काय सांगावे, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? ठरीव साच्याने तपासणारा परीक्षक या वाक्यास एकही गुण देणार नाही. आमच्या मते सबंध उत्तरात विचार असा तेवढाच होता.

यावर आक्षेप येईल की, ही भावविवशता झाली. अधिकाऱ्यास निर्णय द्यावा लागतो, अश्रूंनी कारभार चालत नाही. पण त्या विद्यार्थ्याने निर्णय दिलाच होता! निर्णय योग्य असला तरी काही देणे मागे उरते, एवढेच त्याचे म्हणणे. हे व्यासांस ठाऊक होते. गांडिवाची निंदा करणाऱ्याचा वध करीन ही अर्जुनाची प्रतिज्ञा; निंदा केली ती धर्मराजाने. वडील भावाचा शब्दांनी अपमान कर, तो वधासमानच आहे, अशी तोड श्रीकृष्णाने काढली. अर्जुनाने ती मानली आणि लगेच स्वतःच्या वधासाठी खड्ग उपसले. तोड बिनचूक होती, तरी मन मोकळे झाले नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६५ साली हाच सिद्धांत मांडला: दोन कर्तव्यांच्या झगड्यात जे हरते, ते खोटे ठरत नाही, त्याची रुखरुख मागे राहते आणि ती अविचाराची खूण नव्हे.

या रुखरुखीची किंमत व्यवहारात काय आहे, हे पाहावयाचे असेल तर कोयनेकडे पाहावे. त्या धरणाने महाराष्ट्रास वीज दिली. ते बांधणे योग्यच होते, असे घटकाभर धरून चालू. तथापि ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांस पुनर्वसनासाठी कित्येक दशके झगडावे लागले. ‘पुष्कळांचे हित’ या रकान्यात बेरीज जमली की कागद बांधून ठेवावयाचा, ही वृत्ती वर्गातच जडते. ज्यास त्या एकाच्या घराची आठवण राहते, तोच अधिकारी कागद पुन्हा सोडतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. धर्मसंकटे शिकवावीत, निर्णयही मागावा. मात्र हरलेल्या बाजूचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न प्रत्येक उत्तरपत्रिकेत विचारावा आणि त्यास गुण ठेवावेत. उद्या आपल्या जमिनी आणि आपले अर्ज याच विद्यार्थ्यांच्या मेजावर जावयाचे आहेत, हे परीक्षकांनी आणि पालकांनीही ध्यानात घ्यावे.